मोटारीच्या इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण व इंधनपुरवठा : इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

आधुनिक मोटारीच्या इंजिनात इंधन किती सोडावे आणि ठिणगी केव्हा पाडावी याचा निर्णय इलेक्ट्रॉनिक नियंत्रक घेतो. हा निर्णय घेताना तो आधीच्या निर्णयाचा परिणाम मोजतो आणि पुढील आज्ञेत दुरुस्ती करतो. प्रस्तुत लेखात या स्वयंदुरुस्तीच्या चक्राचे कार्य स्पष्ट केले असून, २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमुळे निर्माण झालेल्या वादाचा त्याच्या आधारे विचार केला आहे. नियंत्रक हवा व इंधन यांचे प्रमाण सावरू शकतो. परंतु इंधनातील ऊर्जा आणि इंधनमार्गातील सुट्या भागांचे गुणधर्म त्याला बदलता येत नाहीत, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

कळीचे शब्द : इंधन अंतःक्षेपण, ऑक्सिजन संवेदक, प्रत्याभरण, उत्प्रेरक परिवर्तक, इथेनॉल.

१. प्रास्ताविक

इ. स. २००० च्या आसपास भारतीय रस्त्यांवरील अनेक मोटारींच्या पाठीवर ‘एमपीएफआय’ ही अक्षरे झळकू लागली. प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र इंजेक्टरद्वारे इंधन सोडणारी ही पद्धती त्या काळी नावीन्याची खूण मानली जात असे. आज ती इतकी सर्वत्र झाली आहे की तिचा वेगळा उल्लेखही कोणी करीत नाही. ओळखीची झालेली वस्तू समजलेली असतेच असे मात्र नाही. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल पंपांवर मिळू लागले, तेव्हा वाहनधारकांमध्ये दोन टोकाची मते ऐकू येऊ लागली. ‘गाडीतला संगणक सगळे सांभाळून घेतो’ हे एक मत, तर ‘या पेट्रोलने इंजिन खराब होणारच’ हे दुसरे. या दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. कोणत्या बाबतीत कोणते मत खरे, हे ठरविण्यासाठी इंजिनाची नियंत्रण प्रणाली नेमके काय मोजते व काय बदलू शकते हे समजून घेणे आवश्यक ठरते. प्रस्तुत विवेचन प्रामुख्याने पेट्रोल इंजिनापुरते मर्यादित आहे.

२. हवा व इंधन यांचे प्रमाण

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. वस्तुतः वजनाच्या हिशेबाने ते मुख्यत्वे हवा ओढते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. या प्रमाणात इंधनही शिल्लक राहत नाही आणि ऑक्सिजनही शिल्लक राहत नाही. यास रासायनिक समतोल प्रमाण म्हणता येईल. इंधन यापेक्षा जास्त असल्यास मिश्रण ‘समृद्ध’ आणि कमी असल्यास ‘विरळ’ समजले जाते.

प्रत्यक्ष राशींचा विचार केल्यास या कामातील नाजूकपणा लक्षात येतो. १.२ लिटर क्षमतेच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरचे आकारमान ३०० घन सेंटिमीटर असते. एका शोषण धावेत तो पूर्ण भरला, असे मानले तर त्यात सुमारे ०.३६ ग्रॅम हवा येते. तिच्यासाठी लागणारे पेट्रोल भरते सुमारे २४ मिलिग्रॅम, म्हणजे एका लहान थेंबापेक्षाही कमी. इंजिनाची गती मिनिटाला ३००० फेरे असताना अशी मात्रा सर्व सिलिंडर मिळून सेकंदाला १०० वेळा मोजून द्यावी लागते. शिवाय वाहनचालकाचा पाय, रस्त्याचा चढ, हवेचे तापमान आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांनुसार ही मात्रा सतत बदलत राहते.

३. कार्बुरेटर : एक खुली पद्धती

हे काम दीर्घकाळ कार्बुरेटरने केले. अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाऊ लागली की तेथील दाब कमी होतो आणि त्या दाबफरकामुळे बारीक छिद्रातून पेट्रोल ओढले जाते. हवा जितकी जास्त, तितके पेट्रोल जास्त, हे त्याचे सरळ तत्त्व होय. या साधनात एकही तार नव्हती आणि कुशल कारागीर केवळ इंजिनाच्या आवाजावरून त्याचे स्क्रू जुळवीत असे.

तथापि कार्बुरेटरची मूलभूत मर्यादा अशी की, आपण दिलेले इंधन नीट जळले की नाही हे त्याला कधीच कळत नाही. छिद्राचा आकार एकदा ठरला की ठरला. घाटमाथ्यावर हवा विरळ झाली, छिद्रात कचरा अडकला किंवा इंधनाचे रासायनिक स्वरूप बदलले, तरी त्याचे वर्तन तेच राहते. परिणामाची माहिती मूळ आज्ञेपर्यंत परत न येणाऱ्या अशा व्यवस्थेस ‘खुली’ व्यवस्था म्हणतात.

४. उत्प्रेरक परिवर्तक आणि काटेकोरपणाची गरज

इंजिन चालण्यासाठी मिश्रण तंतोतंत १४.७ ला १ असण्याची गरज नसते. जास्तीत जास्त शक्ती थोड्या समृद्ध मिश्रणातून मिळते, तर इंधनाची बचत थोड्या विरळ मिश्रणात होते. मग या एका संख्येला एवढे महत्त्व का आले? त्याचे उत्तर इंजिनात नसून धूर बाहेर नेणाऱ्या नळीत आहे.

पेट्रोल इंजिनाच्या धुरात तीन प्रमुख वायुरूप प्रदूषके असतात : कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे. पहिल्या दोहोंना निरुपद्रवी करण्यासाठी ऑक्सिजन जोडावा लागतो. तिसऱ्यातून तो काढून घ्यावा लागतो. प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांचा लेप असलेला त्रिमार्गी उत्प्रेरक परिवर्तक ही परस्परविरोधी कामे एकाच वेळी करतो. परंतु मिश्रण समतोल प्रमाणाच्या अतिशय अरुंद पट्ट्यात असेल तरच. मिश्रण विरळ झाले की नायट्रोजनची ऑक्साइडे तशीच बाहेर पडतात. समृद्ध झाले की कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन उरतात. कार्बुरेटरला हा पट्टा सातत्याने सांभाळता येत नाही. यावरून हे स्पष्ट होते की, इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा प्रसार होण्यामागे उत्सर्जनविषयक कायद्यांची मोठी प्रेरणा होती.

कालक्रमही हेच दर्शवितो. बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक अंतःक्षेपण प्रणाली १९६७ साली बाजारात आली. अमेरिकेत १९७० साली हवा स्वच्छतेचा कायदा कडक करण्यात आला आणि १९७६ साली व्होल्वो मोटारीत ऑक्सिजन संवेदकाचा वापर सुरू झाला. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतील नव्या मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक सक्तीचा झाला. शिशामुळे उत्प्रेरक निकामी होत असल्याने त्याच वेळी तेथे शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करून द्यावे लागले. २००० साली शिसेयुक्त पेट्रोल देशभरात बंद झाले. पुढे भारत स्टेज ४ ही मानके १ एप्रिल २०१७ पासून संपूर्ण देशात लागू झाली. त्यानंतर पाचवा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाले. यात इंधनातील गंधकाची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आली. दुचाकींच्या बाबतीत या बदलाचा परिणाम विशेष मोठा होता. कार्बुरेटरची जागा जवळजवळ सर्वच नव्या दुचाकींत इंजेक्टरने घेतली.

५. नियंत्रण प्रणालीचे घटक

इंजिन नियंत्रण प्रणालीचे सोयीसाठी तीन भाग करता येतात.

अ) संवेदक : आत येणाऱ्या हवेचे वस्तुमान थेट मोजणारा, किंवा शोषण नळीतील दाबावरून त्याचा अंदाज देणारा संवेदक हा सर्वांत महत्त्वाचा. इंजिनाचा दांडा नेमका कोणत्या कोनात आहे हे दातेरी चाकासमोर बसविलेला संवेदक सांगतो. अनेक इंजिनांत हे चाक ६० दात्यांच्या मापाचे असून त्यातील दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. त्या मोकळ्या जागेवरून मोजणीचा आरंभबिंदू कळतो. याशिवाय शीतक द्रवाचे तापमान, आत येणाऱ्या हवेचे तापमान, ॲक्सिलरेटरची स्थिती आणि सिलिंडरमधील अकाली स्फोटाचा ठोका ओळखणारा संवेदक यांचा समावेश होतो.

ब) नियंत्रक : व्यवहारात यास ‘ईसीयू’ म्हणतात. त्याच्या स्मृतीत कोष्टके साठविलेली असतात. एका बाजूस इंजिनाची गती व दुसऱ्या बाजूस भार अशा चौकटीत, त्या परिस्थितीत इंधन किती द्यावे व ठिणगी किती अंश आधी पाडावी याची मूल्ये असतात. ही कोष्टके निर्माते प्रयोगशाळेत आणि रस्त्यावर दीर्घ चाचण्या घेऊन तयार करतात. या कामास ‘कॅलिब्रेशन’ म्हणतात. एकच इंजिन दोन वेगळ्या मोटारींत वेगळे का वागते, याचे कारण बरेचदा या कोष्टकांत सापडते.

क) आज्ञापालक साधने : पेट्रोलच्या टाकीतील विजेवर चालणारा पंप इंधनाला साधारणतः ३ ते ४ बार दाब देतो. इंजेक्टर ही विजेने उघडणारी अतिसूक्ष्म झडप होय. दाब स्थिर असल्याने झडप किती वेळ उघडी राहिली यावर इंधनाची मात्रा ठरते आणि हा काळ सामान्यतः २ ते १५ मिलिसेकंदांच्या दरम्यान असतो. म्हणजेच नियंत्रक वस्तुतः इंधन मोजत नाही. तो वेळ मोजतो. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या प्रणालींत हाच दाब १०० बारच्या पुढे जातो, तर आधुनिक डिझेल इंजिनाच्या कॉमन रेल प्रणालीत तो २००० बारच्या घरात असतो. ठिणगीच्या बाबतीतही अशीच सूक्ष्मता लागते. मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या गतीला दांडा एक अंश फिरण्यास सुमारे ५५ मायक्रोसेकंद लागतात.

६. ऑक्सिजन संवेदक आणि प्रत्याभरणाचे चक्र

इथपर्यंतची व्यवस्था कितीही वेगवान असली, तरी ती कार्बुरेटरप्रमाणे खुलीच आहे. कोष्टक पाहून इंधन सोडले, एवढेच तिने केले. तिला वेगळेपण येते ते धुराच्या नळीत बसविलेल्या ऑक्सिजन संवेदकामुळे.

हा संवेदक झिर्कोनिया या सिरॅमिक पदार्थाचा बनलेला असतो. त्याची एक बाजू धुरात आणि दुसरी बाहेरच्या हवेत असते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापला की दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधील फरकानुसार तो विद्युतदाब निर्माण करतो. मिश्रण समृद्ध असेल तर हा दाब सुमारे ०.९ व्होल्ट, विरळ असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट असतो आणि समतोल बिंदूवर तो एकदम पालटतो. ‘इंधन जास्त झाले’ की ‘कमी पडले’ एवढेच तो सांगतो. किती, हे सांगत नाही. परंतु नियंत्रकाला तेवढे पुरते. जास्त झाले असा निरोप आला की तो इंजेक्टरचा वेळ थोडा थोडा कमी करीत जातो. कमी पडले असा निरोप येताच वाढवू लागतो. त्यामुळे मिश्रण समतोल बिंदूच्या अवतीभवती सतत झुलत राहते आणि त्याची सरासरी बिंदूवर स्थिरावते. अलीकडच्या अनेक मोटारींत प्रमाणातील फरकही मोजणारे विस्तृत पल्ल्याचे संवेदक वापरले जातात. तत्त्व मात्र तेच आहे.

अध्यापनशास्त्रात परिचित असलेली प्रत्याभरणाची कल्पना येथे यंत्ररूपात दिसते. विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेवरून पुढील तासाचे अध्यापन बदलणारा शिक्षक आणि धुरावरून पुढील मात्रा बदलणारा नियंत्रक यांची पद्धती मूलतः एकच आहे.

या दुरुस्तीचे दोन स्तर असतात. क्षणोक्षणी होणारी दुरुस्ती ही अल्पकालीन होय. ती सातत्याने एकाच दिशेने होत असल्याचे आढळले, तर नियंत्रक ती दीर्घकालीन दुरुस्ती म्हणून स्मृतीत नोंदवितो आणि पुढे मूळ कोष्टकातील मूल्यावर ती आधीच लावून घेतो. इंजेक्टर थोडा तुंबला किंवा हवेची नळी किंचित गळू लागली, तरी वाहनचालकाच्या लक्षात येत नाही, ते यामुळेच. या दुरुस्तीला ठरावीक मर्यादा असते. अनेक मोटारींत ती उणे-अधिक २० ते २५ टक्क्यांच्या आसपास ठेवलेली आढळते. ती ओलांडली की समोरच्या फलकावर इंजिनाचा दिवा लागतो आणि दोषसंकेत नोंदला जातो. ‘मिश्रण प्रमाणाबाहेर विरळ’ याचा संकेत ‘पी ०१७१’ असा आहे.

७. चक्र केव्हा खुले राहते

हे चक्र सर्वकाळ बंद नसते, ही बाब बहुधा दुर्लक्षित राहते. सकाळी थंड इंजिन सुरू करताना ऑक्सिजन संवेदक तापलेला नसतो. त्या काळात नियंत्रक केवळ तापमान आणि कोष्टके यांवर विसंबून समृद्ध मिश्रण देतो. अनेक इंजिनांत पूर्ण भारावरही, म्हणजे चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असता, शक्तीसाठी व भाग थंड ठेवण्यासाठी मिश्रण हेतुपुरस्सर समृद्ध केले जाते. उतारावर पाय काढून घेतल्यास इंधन पूर्णतः थांबविले जाते. या तिन्ही प्रसंगी प्रत्याभरण बाजूला ठेवलेले असते. दीर्घकालीन दुरुस्तीची नोंद यांपैकी काही प्रसंगी उपयोगी पडते. परंतु ताजी माहिती मिळत नाही.

८. इथेनॉलमिश्रित पेट्रोल : चक्राची कसोटी

वरील विवेचनाची खरी कसोटी इंधन बदलल्यावर लागते. इथेनॉल उसाचा रस, मळी, मका व तांदूळ यांपासून बनविले जाते. साखर कारखानदारीमुळे महाराष्ट्राचा या विषयाशी निकटचा संबंध आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि २०२५ साली देशाने २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. मूळ उद्दिष्ट २०३० सालचे होते.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने इथेनॉलचा विशेष असा की, त्याच्या वजनाचा सुमारे ३५ टक्के भाग ऑक्सिजनचाच असतो. म्हणून एक ग्रॅम इथेनॉल जळण्यास १४.७ नव्हे, तर सुमारे ९ ग्रॅम हवा पुरते. २० टक्के मिश्रणासाठी समतोल प्रमाण १३.५ च्या आसपास येते. तेवढ्याच हवेला वजनाने सुमारे ९ टक्के अधिक इंधन द्यावे लागते. याचे परिणाम वाहनाच्या प्रकारानुसार भिन्न होतात.

पहिला प्रकार कार्बुरेटरच्या वाहनांचा. २०२० पूर्वीच्या बहुसंख्य दुचाकी यात मोडतात. त्यांचे छिद्र पूर्वीइतकेच इंधन देत राहते. साहजिकच मिश्रण पूर्वीपेक्षा सुमारे ८ टक्के विरळ होते. वाहनाची मूळ जुळणी समृद्ध असेल तर हा फरक कदाचित जाणवणारही नाही. विरळ असेल तर थंड इंजिन सुरू होण्यास वेळ लागणे, गती वाढविताना अडखळणे आणि इंजिन अधिक तापणे असे परिणाम संभवतात. येथे सांभाळून घेणारा संगणक मुळात नाहीच.

दुसरा प्रकार ऑक्सिजन संवेदक असलेल्या, परंतु १० टक्के किंवा त्याहून कमी इथेनॉलसाठी जुळविलेल्या मोटारींचा. येथे प्रत्याभरणाचे चक्र आपले काम करते. धुरात ऑक्सिजन उरत असल्याचे कळताच इंजेक्टरचा वेळ वाढविला जातो आणि ही वाढ दुरुस्तीच्या मर्यादेत बसते. मिश्रण समतोल राहते व उत्प्रेरकही काम करीत राहतो. मात्र तुंबलेल्या इंजेक्टरसाठी दुरुस्तीचा बराच भाग आधीच खर्ची पडला असेल, तर उरलेला वाव कमी पडू शकतो. थंड इंजिनाच्या वेळी अडचण राहतेच. कारण बाष्पीभवनासाठी इथेनॉलला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते आणि नेमके तेव्हाच चक्र खुले असते.

तिसरा प्रकार २० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या मोटारींचा. त्यांची कोष्टके आरंभापासून या इंधनासाठी केलेली असतात. इथेनॉलची अकाली स्फोट टाळण्याची क्षमता पेट्रोलपेक्षा अधिक असल्याने ठिणगी थोडी आधी पाडून काही लाभही मिळविता येतो.

तथापि दोन गोष्टी नियंत्रकाच्या आवाक्याबाहेर आहेत. पहिली ऊर्जा. एक लिटर इथेनॉलमधील ऊर्जा एक लिटर पेट्रोलमधील ऊर्जेच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या एका लिटरमध्ये निव्वळ पेट्रोलपेक्षा सहा ते सात टक्के ऊर्जा कमी भरते. प्रमाण सावरण्यासाठी नियंत्रक जे अधिक इंधन देतो, तेच टाकी लवकर रिकामी होण्याच्या रूपाने दिसते. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यातही हे मान्य केलेले आहे. निव्वळ पेट्रोलसाठी रचलेल्या व १० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकींची कार्यक्षमता ६ ते ७ टक्के घटेल. १० टक्क्यांसाठी रचलेल्या व २० टक्क्यांसाठी जुळविलेल्या चारचाकींत ही घट १ ते २ टक्के राहील, असा त्यातील अंदाज आहे. या दोन आकड्यांतील अंतरातून रचना आणि जुळणी यांचे महत्त्व लक्षात येते.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि काही प्रकारचे रबर, प्लास्टिक व धातू यांवर त्याचा परिणाम होतो. नळी मऊ पडली किंवा पंपाच्या आत गंज चढला, तर ते सांगणारा संवेदक नाही. गळती किंवा दाबातील घट झाल्यावरच नियंत्रकाला त्याची अप्रत्यक्ष जाणीव होते. दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या वाहनांच्या बाबतीत हा मुद्दा अधिक महत्त्वाचा ठरतो.

९. सॉफ्टवेअरची अदृश्यता

कार्बुरेटर उघडून पाहता येत असे; कोष्टके पाहता येत नाहीत. त्यांच्यावर किती विश्वास ठेवावा हा प्रश्न २०१५ साली जगासमोर आला. फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल मोटारींतील सॉफ्टवेअर प्रयोगशाळेतील चाचणी ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी करीत असल्याचे अमेरिकेत उघड झाले. भारतात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने चाचण्या घेतल्या व कंपनीने सुमारे सव्वातीन लाख मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलाविण्याचे जाहीर केले. ज्या चक्रामुळे मोटार नियम पाळते, त्याच चक्राकडून नियमाला बगलही देता येते, हा त्यातील धडा होय. १ एप्रिल २०२३ पासून भारतात प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाच्या मोजणीला जे स्थान मिळाले, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजते.

या अदृश्यतेला एक अपवाद आहे. वाहनातील दोषनिदानाच्या सोळा पिनांच्या जोडणीला साधे वाचनयंत्र लावल्यास अल्पकालीन व दीर्घकालीन दुरुस्तीची टक्केवारी कोणालाही पाहता येते. मूळ कोष्टके गुप्त राहिली, तरी नियंत्रकाला त्यांत किती बदल करावा लागत आहे हे कळू शकते.

१०. निष्कर्ष

१. आधुनिक इंजिन नियंत्रणाचे सामर्थ्य संगणकाच्या वेगापेक्षा परिणाम मोजून आज्ञा दुरुस्त करण्याच्या पद्धतीत अधिक आहे.

२. १४.७ ला १ या प्रमाणाचा काटेकोर आग्रह उत्प्रेरक परिवर्तकामुळे, पर्यायाने उत्सर्जनविषयक कायद्यांमुळे निर्माण झाला.

३. २० टक्के इथेनॉलमुळे बदललेले प्रमाण ऑक्सिजन संवेदक असलेली मोटार सावरून घेते. कार्बुरेटरचे वाहन ते करू शकत नाही. ‘संगणक सांभाळतो’ हे विधान सर्व वाहनांना लागू करणे अशास्त्रीय आहे.

४. इंधनातील ऊर्जेची घट आणि सुट्या भागांवरील परिणाम यांची भरपाई कोणताही नियंत्रक करीत नाही. जुन्या वाहनांचा धारक हा भार स्वतः उचलतो, ही बाब धोरण ठरविताना हिशेबात घेतली पाहिजे.

५. ‘इंजिन खराब होणारच’ हे सरसकट विधानही तितकेच अपुरे आहे. वाहनाचे वर्ष, रचना व जुळणी पाहूनच निर्णय करावा लागतो.

या प्रश्नाचा बराचसा निर्णय मोजणीने करता येण्याजोगा आहे. महाविद्यालयांच्या वाहनतळांवर निरनिराळ्या वर्षांच्या मोटारी रोज उभ्या असतात. त्यांतील दीर्घकालीन दुरुस्तीच्या नोंदी, टाकीतील इंधनाचे मिश्रण आणि प्रतिलिटर अंतर यांची वर्षभर टिपणे ठेवणे, हा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र व अर्थशास्त्र या विभागांनी एकत्र हाती घेण्याजोगा अल्पखर्चिक प्रकल्प ठरेल. अशा नोंदी उपलब्ध झाल्यास या वादात आकड्यांच्या आधारे बोलता येईल.